कोट मशीनवर होत नाही

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या पुरवणीत शिवणकामावर अधूनमधून मजकूर येतो आणि तो मी आवर्जून वाचते. पिशव्या, उशांचे अभ्रे, लहान मुलांचे सैल कपडे यांपलीकडे मात्र तो सहसा जात नाही. कोट, अस्तराचे जाकीट, ताठ कॉलरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मापात बसणारी पॅन्ट, मुलाखतीला घालून जाता येईल असा सरळ स्कर्ट, हे कपडे घरी शिवायचेच नसतात, ते कारागिराकडून शिवून घ्यायचे किंवा तयार आणायचे, असे जणू सर्वांनीच धरून चालले आहे. त्याला माझी हरकत आहे आणि ती नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हे कपडे घरी शिवता येतात. ते बिघडतात तेव्हा शिवणाऱ्याची टीप वाकडी गेली म्हणून क्वचितच बिघडतात. मशीनवर बसण्याआधी आणि मशीनवरून उठल्यानंतर जी कामे करायची असतात ती कोणी नीट सांगितलेली नसतात, म्हणून ते बिघडतात.

मशीनने सरळ टीप घरोघरी पोचवली यात शंका नाही. फ्रान्समध्ये बार्तेलमी तिमोनिए यांनी १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्यावर लष्कराचे गणवेश शिवायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या पोटावर पाय येणार या भीतीने शिंप्यांनी १८३१ मध्ये त्यांच्या कारखान्यात शिरून यंत्रांची मोडतोड केली. अमेरिकेत १८४६ मध्ये इलायस हाउ यांनी टोकाशी नेढे असलेली सुई आणि वरखाली दोन दोरे वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले, १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांचे यंत्र आले आणि १८६३ मध्ये एबेनेझर बटरिक यांनी मापवार कागदी खाके, म्हणजे कापड बेतायचे आराखडे, विकायला काढले. व्हीलर अँड विल्सन या यंत्र विकणाऱ्या कंपनीने त्या काळी दिलेल्या आकड्यांनुसार पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागत आणि यंत्रावर १ तास १६ मिनिटे. आकडे विक्रेत्याचे आहेत, तेव्हा ते जरा बेतानेच घ्यावेत, पण फरक मोठा होता हे उघड आहे. वाचला तो वेळ मात्र टीप मारण्याचा होता. लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीत मापाने शिवल्या जाणाऱ्या सुटाला आजही किमान ५० तासांचे हातकाम लागते, असे तिथल्या कारागिरांच्या संघटनेचे मानक आहे, आणि त्या कारागिरांना मशीनचा काही तोटा नाही. हे तास नेमके कुठे जातात ते घरी शिवणाऱ्याला कळले, तर त्याची निम्मी निराशा टळेल.

ते सुरू होतात कापड कापण्याच्या आधी. लोकरीचे कापड वाफ लागली की आटते आणि कोट शिवताना त्याला पदोपदी वाफ द्यावी लागते. म्हणून कात्री लावण्यापूर्वीच ते ओल्या फडक्याखाली वाफवून आटवून घ्यावे लागते. सुती कापड पुढे ज्या पद्धतीने धुतले जाणार, त्याच पद्धतीने आधी धुऊन वाळवावे. मग धागा पाहायचा. कापडाच्या तोंडाशी एक आडवा धागा ओढून काढला की तिथे बारीक रेघ उमटते. त्या रेघेवर कापल्यानंतर ती किनारीशी काटकोनात बसली नाही, तर कापड विणल्यानंतर केव्हातरी तिरके ओढले गेले आहे असे समजावे आणि आखूड कर्ण ताणून ते सरळ करून घ्यावे. हा खटाटोप कंटाळवाणा आहे खरा, पण तो टाळून शिवलेल्या पॅन्टचा पाय थोड्याच धुण्यांत नडगीभोवती फिरू लागतो आणि मग कितीही इस्त्री केली तरी घडी मध्यावर बसत नाही. चौकटीच्या कापडाला कापड जास्त लागते आणि किती जास्त ते चौकटीच्या आकारावर ठरते; मखमल आणि कॉर्डरॉय यांचे सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून बेतावे लागतात, नाहीतर एकाच कोटात दोन छटा दिसतात. एवढे सांभाळले की कापडाचा विषय संपतो.

मापाचा विषय इतक्यात संपत नाही. स्वतःच्या पाठीचे माप स्वतःला घेता येत नाही, आणि टेपवरचा आकडा वाचायला मान वाकवली की तेवढ्यात पाठीची लांबी बदललेली असते. शिवाय आकड्यांत शरीराचा आकार उतरत नाही. छातीचा घेर सारखाच असलेल्या दोन माणसांपैकी एकाची पाठ गोल आणि छाती सपाट असू शकते, दुसऱ्याचे नेमके उलट; टेपच्या लेखी दोघे सारखेच. यावरचा उपाय जुनाच आहे. स्वस्तातल्या मांजरपाटाचा नमुना आधी लांब टाक्यांनी शिवायचा, तो अंगात घालून आरशासमोर सरळ उभे राहायचे आणि त्यावर पडणाऱ्या वळ्या पाहायच्या. आडव्या वळ्या म्हणजे तिथे कपडा घट्ट होतो आहे, उभ्या घड्या म्हणजे कापड जास्त आहे, आणि तिरक्या वळ्या ज्या जागेकडे जातात तिथे बहुधा खोट असते. मानेच्या बुंध्यापासून काखेकडे वळी उतरत असेल, तर अंगाचे खांदे खाक्यातल्या खांद्यांपेक्षा जास्त उतरते आहेत. मागे कॉलरखाली आडवा फुगा येत असेल, तर ते जास्त चौकोनी आहेत. पुष्कळ माणसांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो आणि हे त्यांना नमुना अंगावर चढेपर्यंत ठाऊकही नसते. तयार कोटाला या बाबतीत काहीच करता येत नाही, तो दोन्ही खांदे सारखे मानूनच कापलेला असतो. घरी शिवणाऱ्याला एका बाजूचा खांदा थोडा खाली कापता येतो किंवा त्या बाजूची गादी किंचित जाड करता येते. मानेमागे कॉलर अधांतरी न राहता शर्टाच्या कॉलरला टेकून बसली, की घरच्या शिवणकामातले पहिले यश पदरात पडले असे मी मानते. ते कोणाच्या लक्षात येत नाही. कॉलर बसलेली नसते तेव्हाच लोकांची नजर तिथे जाते.

नमुन्यावर वेळ घालवणे अनेकांच्या जिवावर येते. नमुना टाकून द्यायचा कपडा आहे, मग त्यासाठी एवढी मेहनत का, असा त्यांचा प्रश्न असतो. माझ्या मते नमुन्याचा खरा उपयोग मापापेक्षाही धीर देण्यात आहे. चांगले लोकरीचे कापड आणून कपाटात ठेवलेले असते आणि ते कापायला हात धजत नाही. ज्या खाक्याच्या दुरुस्त्या मांजरपाटावर होऊन गेल्या आहेत, त्या खाक्याने कापायला कात्री अडखळत नाही.

पॅन्टची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे, कारण पॅन्ट सोपी असते असा एक विचित्र समज आहे. तिला ना कॉलर ना बाही. दिसायला चारच मोठे तुकडे. पण त्या चार तुकड्यांतली बैठकीची गोलाई साधणे हे अख्ख्या शिवणकामातल्या अवघड कामांपैकी एक आहे. कडक, सपाट खुर्चीवर ताठ बसून कमरेपासून खुर्चीच्या पृष्ठभागापर्यंत बाजूने माप घेतले की बैठकीची खोली मिळते. त्या गोलाईची धाटणी मात्र अंगावर घालूनच ठरते. इथे मापाने शिवणाऱ्या कारागिरांची एक साधी युक्ती घरगुती खाक्यांमध्ये सहसा सापडत नाही. कारागीर कमरेचा पट्टा डाव्या आणि उजव्या भागाला आधीच वेगवेगळा जोडून घेतात आणि मागची मधली शिवण, पट्ट्यासकट, सर्वांत शेवटी घालतात. त्या शिवणीत कमरेशी इंच-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राहणारे जादा कापड, सोडलेली असते आणि ती खाली बैठकीकडे निमुळती होत जाते. त्यामुळे शेवटच्या ट्रायललासुद्धा कंबर सैल किंवा घट्ट करता येते आणि पुढे वजन बदलले तरी एकच शिवण उसवून पॅन्ट पुन्हा मापात आणता येते. घरगुती खाक्यांतल्या सूचना बहुतेक वेळा बैठक आधी पुरी करायला लावतात आणि त्यावर अखंड पट्टा चढवायला सांगतात. तसे केले की कमरेत बोटभर फरक करायचा झाला तरी पट्टा, त्याचे अस्तर, बेल्टचे लूप सगळे उसवावे लागते. क्रमातला एवढासा बदल कोणी सांगितला असता, तर कितीतरी पॅन्टी कपाटाच्या तळाशी गेल्या नसत्या.

आता बाही. खाक्यासोबतच्या सूचनांमध्ये या कामासाठी बहुधा एकच वाक्य असते: बाही मुंढ्याला जोडावी. बस्स. ज्याने हे वाक्य लिहिले त्याने बाही कधी जोडली होती का, अशी शंका घ्यायला जागा आहे. कोटाच्या बाहीचा वरचा गोल भाग मुंढ्यापेक्षा मुद्दामच मोठा ठेवलेला असतो. लोकरीच्या कापडात हा फरक साधारण ३ ते ४ सेंटिमीटर असतो. हे जास्तीचे कापड चुणी न दिसता मुंढ्यात जिरवायचे असते, तेव्हा कुठे बाहीला खांद्याच्या टोकावर गोलाई येते. त्यासाठी शिवणीच्या रेषेजवळ बारीक धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायच्या, दोरा हलक्या हाताने ओढून कापड जवळ आणायचे आणि मग लगेच मुंढ्याला न लावता तो फुगीर भाग इस्त्रीच्या गोल उशीवर ठेवून, फक्त काठाला वाफ देऊन आटवायचा. लोकर इथे साथ देते. डोळ्यांदेखत चुण्या मुरत जातात आणि सपाट कापडाची वाटी तयार होते. पॉलिस्टरच्या घट्ट विणीत ही मुरड बसत नाही, म्हणून तशा कापडाला खाक्यातलीच जादा गोलाई कमी करावी लागते. यानंतर बाही कच्च्या टाक्यांनी लावून कोट अंगात घालायचा आणि हात सैल सोडून पाहायचे. बहुतेकांचे हात सरळ खाली लोंबत नाहीत, थोडे पुढे झुकलेले असतात. बाही त्या प्रमाणात पुढे किंवा मागे फिरवली नाही, तर कोपराच्या वर तिरकी वळी राहतेच. डाव्या आणि उजव्या हाताचा झुकावही नेहमी सारखा नसतो. हे जमल्यावरच मशीन, आणि तेही बाहीची बाजू खाली ठेवून, कारण मशीनचे दाते खालचे कापड वरच्यापेक्षा किंचित जास्त पुढे ओढतात आणि उरलेले जादा कापड त्या ओढीत आपोआप सामावते. टीप घालायला काही मिनिटे पुरतात. त्याआधीच्या कामात एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि ती गेली म्हणून आपण मागे पडलो असे वाटून घेण्याचे कारण नाही, कारण कारागिराचाही इथे असाच वेळ जातो.

या सगळ्यात इस्त्रीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. घरच्या शिवणकामात सर्वांत जास्त उपेक्षा होते ती तिची. कपडा पुरा झाला की शेवटी एकदा इस्त्री फिरवायची, अशी आपली सवय असते. शिवणीवर अशी इस्त्री फिरवून काम भागत नाही. ती टेकवायची, दाबायची, उचलायची आणि पुढे ठेवायची. फिरवली की कापड ताणते आणि कडा लाटांसारख्या होतात. प्रत्येक शिवण आधी मिटलेलीच दाबून टाके कापडात बसवायचे, मग ती उघडून दाबायची, आणि हे झाल्याशिवाय त्या शिवणीला आडवी दुसरी शिवण घालायची नाही. सपाट शिवण सपाट पाटावर, पण छातीचा टक, कमरेची गोलाई आणि बाहीचा माथा हे भुसा ठासून भरलेल्या गोल उशीवर दाबावे लागतात, नाहीतर दोन तास खपून आणलेला उभार एका दाबात सपाट होतो. ही उशी घरी करता येते: एका बाजूला घट्ट सुती कापड, दुसऱ्या बाजूला लोकरी, आत लाकडाचा कोरडा भुसा, आणि तो इतका ठासून भरलेला की अंगठ्याने दाबला तरी खड्डा पडू नये. गडद रंगाच्या कापडावर इस्त्री थेट लावली की तेलकट चमक येते, ती टाळायला मध्ये सुती फडके हवेच. वाफ दिल्यानंतर गुळगुळीत, कोऱ्या लाकडाचा ठोकळा शिवणीवर थोडा वेळ दाबून धरला, तर लाकूड वाफ शोषून घेते आणि कड सुरीसारखी बसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कापड पुरते निवेपर्यंत ते पाटावरून हलवायचे नाही. लोकर उष्णता आणि ओल असताना आकार घेते आणि कोरडी होताना तो धरून ठेवते; ती गरम असतानाच उचलली तर घेतलेला आकार जातो. यासाठी लागणारा धीर आपल्याला नसतो, आणि बहुतेक घरगुती कोट कारखान्यातल्या कोटांपुढे फिके दिसतात ते याच ठिकाणी. ज्याला मशीन अजून सफाईने चालवता येत नाही पण नीट इस्त्री करता येते, त्याचा कोट बघवतो. याउलट ज्याची टीप निर्दोष आहे पण इस्त्री आळशी आहे, त्याचा कोट पहिल्या दिवशीच दमलेला दिसतो.

कोटाच्या आत काय असते यावर मोठा वाद आहे आणि त्यात घरी शिवणाऱ्यांनी उगाच पडू नये, असे मला वाटते. जुन्या पद्धतीत छातीला आणि लॅपेलला, म्हणजे कॉलरखाली छातीवर वळणाऱ्या पानाला, घोड्याच्या केसांचा कॅनव्हास असतो. तो बारीक तिरक्या टाक्यांनी, लॅपेल बोटांवर वळवून धरूनच, कापडाला जडवला जातो, म्हणून लॅपेल इस्त्रीच्या घडीवर न मोडता आपल्या आपण वळतो. या टाक्यांत सुई वरच्या कापडाचा एखाद-दुसरा धागाच उचलते. त्यापेक्षा जास्त उचलला की बाहेरून खड्डे दिसतात. नव्या पद्धतीत गोंद लावलेले बकरम इस्त्रीने चिकटवतात. जुन्या पद्धतीचे भक्त बकरमला नाके मुरडतात आणि त्यांचा एक मुद्दा खरा आहे: हलक्या प्रतीचे किंवा घाईने चिकटवलेले बकरम पुढे धुण्यात किंवा उष्णतेने सुटते आणि छातीवर फोड आल्यासारखे दिसते. पण चांगले बकरम, इस्त्री न सरकवता एका जागी १० ते १५ सेकंद दाबून, निवू देऊन चिकटवले, तर ते वर्षानुवर्षे टिकते. पुढच्या भागाला हलके बकरम आणि फक्त छातीला व लॅपेलला कॅनव्हास, हा मधला मार्ग पहिल्या कोटाला पुरेसा आहे. मात्र कॉलरचे वरचे कापड खालच्यापेक्षा २ ते ३ मिलिमीटर मोठे कापणे कोणत्याच पद्धतीत सुटत नाही; दोन्ही सारखे कापले तर कॉलरची टोके वर वळतात आणि खालची शिवण डोकावत राहते.

अस्तराबद्दल थोडक्यात सांगायचे तर ते कोटापेक्षा सैल हवे. पाठीच्या मध्यावर त्याला उभी चूण ठेवावी, नाहीतर हात पुढे केल्याबरोबर ताण अस्तरावर येतो आणि ते मुंढ्यापाशी फाटते. अस्तराला ११ नंबरची सुई, कोटाच्या कापडाला १४ नंबरची. एकाच सुईने दोन्ही शिवू नये.

काजांची भीती मात्र रास्त आहे. ती सगळा कपडा पुरा झाल्यावर करायची असतात आणि तिथे कापड चिरावे लागते. तेवढेच थर घेऊन, त्याच कापडाच्या कपट्यावर हात बसेपर्यंत सराव करावा, आणि मशीनचे काज कापताना दोन्ही टोकांना टाचण्या आडव्या लावाव्यात, म्हणजे कात्री पुढे घसरत नाही. हाताने काजे करणाऱ्याने दोरा मेणातून ओढून त्यावर इस्त्री दाबून घ्यावी. मेण दोऱ्यात मुरते आणि तो टाका घालताना पिळा घेत नाही.

हे सगळे करून कोट पुरा झाला आणि तो घालून माणूस चारचौघांत गेला, की त्याला हमखास एक शाबासकी मिळते: घरी शिवल्यासारखा वाटत नाही हो! बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून त्यावर रागावू नये. पण या शाबासकीमागे असे गृहीत असते की घरचे ते कच्चे आणि कारखान्यातले ते पक्के. वस्तुस्थिती अशी आहे की कारखान्यातला कोट शिवणीच्या नीटनेटकेपणात घरच्या कोटाला नेहमी मागे टाकेल आणि अंगाला बसण्याच्या बाबतीत, नमुना मन लावून केलेला असेल तर, तो घरच्या कोटाच्या जवळपासही येणार नाही. म्हणून घरी शिवणाऱ्याने कारखान्याच्या टाक्याशी स्पर्धा करण्यात शक्ती घालवू नये. आतल्या कडा थोड्या वेड्यावाकड्या राहिल्या तर राहू द्याव्यात, अस्तर त्या झाकते.

अंगाला बसण्याचा हा मुद्दा काही माणसांच्या बाबतीत हौसेचा राहत नाही. जो दिवसभर व्हीलचेअरवर बसून काम करतो, त्याच्यासाठी तयार मिळणारा कोट आणि पॅन्ट उभ्या माणसाच्या मापाने कापलेले असतात. बसल्यावर कोटाची पुढची पाने मांडीवर गोळा होतात, पॅन्ट मागून कमरेखाली घसरते आणि पुढे पोटात काचते, मागच्या खिशांच्या जाड कडा व बटणे सतत अंगाखाली रुततात. ज्यांच्या कातडीला स्पर्श कमी कळतो त्यांना अशा दाबाने जखमाही होऊ शकतात. उपाय खाक्यातच असतो: कोट पुढून आखूड, पॅन्टची कंबर मागे उंच आणि पुढे खाली, मागचे खिसे नाहीत, बैठकीच्या शिवणी चपट्या, पायाची लांबी बसून घेतलेली. यातला एकही बदल घरी शिवणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा नाही. पाठीला बाक आलेल्या, एक हात नसलेल्या, शस्त्रक्रियेनंतर आकार बदललेल्या माणसांनाही मुलाखतीला, सभेला, समारंभाला जायचे असते आणि तिथे व्यवस्थित दिसायचे असते. त्यांच्या घरातल्या कोणाला तरी कोट शिवता येणे ही फार मोलाची गोष्ट आहे.

पैसे वाचतात का, असा प्रश्न हमखास येईल, म्हणून स्पष्टच लिहिते: पहिल्या कपड्यात वाचत नाहीत. चांगले कापड, अस्तर, कॅनव्हास, बटणे आणि नमुन्याचे मांजरपाट यांचा हिशेब मांडला, तर तयार कोट बहुधा स्वस्त पडतो, आणि स्वतःच्या वेळेचे मोल धरले तर तुलनाच नको. बचत होते ती पुढे, कारण ज्याने शिवला त्याला तो उसवताही येतो. शिवणीत माया असली की तोच कोट बारीक झालेल्या किंवा भरलेल्या अंगाला पुन्हा बसवता येतो, फाटलेले अस्तर बदलता येते, झिजलेल्या बाहीची कड आत घेता येते.

तेव्हा माझी आपल्याला विनंती अशी की पुरवणीत या विषयाला सलग काही आठवडे जागा द्यावी. एका लेखात अख्खा कोट उरकू नये. एका वेळी एकच काम घ्यावे आणि ते बाजूने काढलेल्या रेखाचित्रांसह, कोणत्या बाजूला कोणते कापड, इस्त्री कुठे आणि किती वेळ, कच्चे टाके कधी काढायचे, इथपर्यंत लिहावे. लेखक निवडताना एका अटीचा आग्रह धरावा: ज्या कामाबद्दल लिहायचे ते लेखकाने लोकरीवर आणि पॉलिस्टरवर अशा दोन्ही कापडांवर केलेले असावे, कारण दोन्हींचे वागणे निराळे असते आणि वाचकाच्या हाती कोणते कापड येईल ते सांगता येत नाही. प्रत्येक लेखाच्या शेवटी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे छापावीत, त्यात फसलेल्या बाह्यांची छायाचित्रेही यावीत. वळी कोणत्या दिशेने गेली आहे ते छायाचित्रात दिसते आणि त्यावरून सल्ला देता येतो. शिवणवर्ग चालवणाऱ्यांनीही ही मालिका वाचली तर बरे होईल, कारण त्यांच्या अभ्यासक्रमांत इस्त्रीला स्वतंत्र तास ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही. सुरुवात कोटापासून करू नये. पहिला लेख पॅन्टच्या मागच्या शिवणीवर घ्यावा: ती सर्वांत शेवटी कशी घालायची, माया किती सोडायची आणि पट्टा दोन भागांत कसा जोडायचा. एका पानात तो सहज बसेल आणि ज्यांच्या पॅन्टी आज अर्धवट पडून आहेत त्यांना त्या लगेच पुऱ्या करता येतील.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक